आजा कुठं जन्मला?

इंग्लंडात राहायचा, काम करायचा व्हिसा पाहिजे? एक वाट आहे : यूके ॲन्सेस्ट्री. माणूस राष्ट्रकुलातला, वय १७ च्या पुढं, काम करायची तयारी, आणि आजा नाहीतर आजी ब्रिटनमध्ये जन्मलेली. ५ वर्षं राहा, मग कायमचं राहायचा अर्ज करा. भारत राष्ट्रकुलात आहे. म्हणजे दार आपल्यालाही उघडं. कागदावर.

आपला आजा जन्मला गावकुसाबाहेर.

१९१४ साली ब्रिटिश व्यापारी जहाजांवर सुमारे ५१ हजार लास्कर खपत होते. कोळसा झोकत, डेक घासत. त्यांच्या नातवाला त्या घामाचा व्हिसा नाही. उलट १९२५ साली तिथं हुकूम निघाला : गोरा नसलेल्या खलाशानं ब्रिटिश प्रजा असल्याचा कागद दाखवावा, नाहीतर परका म्हणून नोंद करावी.

मी गोदीत गोणी उचलतो. हा हिशेब मला ओळखीचा आहे. काम मोजायचं नाही, जन्म मोजायचा. मनूनं दुसरं काय केलं? इथंही जातीच्या दाखल्याला १० ऑगस्ट १९५० आधीचा पुरावा लागतो. ज्या आज्याला शाळेची पायरी चढू दिली नाही, त्याच्याच शाळेचा दाखला मागतात, च्यायला!

गोरेगावच्या पोरांनो, या व्हिसासाठी एजंटाच्या खिशात पैसे घालू नका. आजा विकत मिळत नाही. मागायचंच तर घामाचा हक्क मागा. तिथंही, इथंही.