हात पुन्हा धुतले का?

कपाशीवर फवारणी करून आलेल्या बापाने साबण लावून अंघोळ करावी, हे यवतमाळात नव्याने सांगायला नको. २०१७ ची फवारणीतून झालेली विषबाधा कुणी विसरलेलं नाही. पण शेतात पाऊलही न टाकलेलं आठ वर्षांचं लेकरू बोटांना भेगा पडल्या तरी हात धुतच राहतं, ‘आई, मला औषध नाही ना लागलं?’ असं डोळा लागेपर्यंत विचारतं, तेव्हा त्याच्या स्वच्छतेचं कौतुक करू नका. रागावू तर अजिबात नका.

मराठीत याला मंत्रचळ म्हणतात. कुणी एकच अक्षर कागद फाटेस्तोवर खोडतं, कुणी मनातल्या मनात आकडे मोजतं. ते तर दिसतही नाही. रोजचा तासभर यात जात असेल, अडवलं की जीव कासावीस होत असेल, तर डॉक्टर गाठा. आपण दर वेळी ‘नाही लागलं’ म्हणतो. लेकराला घटकाभर बरं वाटतं, भीती मात्र मुरत जाते. भीतीला थोडंथोडं सामोरं जात हात न धुता थांबायला शिकवणारे उपचार आहेत, आणि ते लहान मुलांनाही लागू पडतात. टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतून बोलता येतं.