हे उंदीर कोणाच्या राज्यात माजले?

कुंडलिकेच्या मुखाशी वसलेल्या रेवदंड्यात आणि लगतच्या चौल-नागावच्या वाड्यांत रोज रात्री चोरी होते. चोर ठाऊक आहे, त्याची वाट ठाऊक आहे, वेळही ठाऊक आहे. फिर्याद घेणारा मात्र कोणी नाही! उंदरांनी नासवलेल्या पिकाची दाद लागेल असे एकही दार या राज्यात उघडे नाही, आणि याला आम्ही सरकारचा निखालस अपराध म्हणतो.

सकाळी माडाखाली पडलेला कोवळा नारळ उचलून पाहा. देठाजवळ वाटोळे भोक, आतले पाणी आणि खोबरे फस्त. पन्नास माडांच्या वाडीत माडामागे वर्षाला दहाच नारळ गेले असे धरा; पाचशे नारळ झाले. वीस रुपयांचा भाव धरला तरी दहा हजार रुपये मातीत. ज्याची सारी मिळकत गुंठ्यांत मोजायची, त्याच्या घरी ही रक्कम म्हणजे मुलाची फी आणि पुढच्या हंगामाचे खत असते. त्यातच ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने या किनाऱ्यावरचे माड आणि पोफळी आडव्या केल्या. नवे रोप फळायला वर्षे लागतात. वादळातून वाचलेल्या झाडांवर ज्याचा संसार उभा आहे, त्याच्याच तोंडचा घास उंदीर पळवतात!

भाताची कथा याहून वाईट. पोटरीवर आलेले ताट बुडख्यातून कातरले जाते आणि घूस लोंब्याच्या लोंब्या बिळात साठवते. कापणी झाली की उडवीत उंदीर, मळणी झाली की कणगीत उंदीर. खारेपाटात तर तो बांधच पोखरतो. खेकड्यांच्या आणि उंदरांच्या बिळांतून उधाणाचे पाणी झिरपते, वाट मोठी होते, एका रात्रीत खांड जाते आणि खारे पाणी शेतात शिरते. तिथे पुढची काही वर्षे भाताची आशा नको. पूर्वी गावकरी एकत्र येऊन हे बांध राखत. १९७९ च्या खारजमीन विकास कायद्यानंतर ही जबाबदारी सरकारने अंगावर घेतली. मग बांधातले बीळ बुजवण्याची जबाबदारी कोणाची? खांड गेल्यावर पंचनाम्याला धावणारे खाते खांड जाण्याआधी कुठे असते?

सरकारला उंदीर मारता येत नाहीत, असे कोणी सांगू नये. मुंबई महापालिका रात्रपाळीचे मूषक संहारक पगार देऊन पोसते. मार्च २०१८ मध्ये एकनाथ खडसे यांनी मंत्रालयातील उंदीर मारण्याचे कंत्राट विधानसभेत गाजवले. ३ लाख १९ हजार ४०० हा आकडा मारलेल्या उंदरांचा, असा त्यांचा आरोप. तो विषारी गोळ्यांचा, असा सरकारचा खुलासा. आम्ही सरकारचाच खुलासा खरा धरतो. एका इमारतीतल्या कागदांच्या रक्षणासाठी तीन लाखांवर गोळ्या! आणि ज्या भातावर, नारळावर हजारो घरे जगतात, त्यांच्या रक्षणासाठी काय? एक माहितीपत्रक! फायलींची एवढी काळजी आणि अन्नाची एवढी हेळसांड करणाऱ्या कारभाराला शेतकऱ्यांचे सरकार म्हणवून घेण्याचा अधिकार नाही.

त्या माहितीपत्रकातला सल्ला चुकीचा नाही, अपुरा आहे. खोडाला पत्र्याचा पट्टा ठोका, म्हणतात. पण रेवदंड्याच्या दाट वाडीत झावळीला झावळी भिडलेली असते. खाली पट्टा ठोकला तरी उंदीर शेजारच्या माडावरून वरच्या वर येतो. झिंक फॉस्फाईडआधी दोन-तीन दिवस साधे आमिष घाला, म्हणतात. तेही बरोबर, कारण एकदा विषाने पोळलेला उंदीर पुन्हा त्या आमिषाला तोंड लावत नाही. पण एकाने आपली वाडी साफ केली आणि शेजारची वाडी मुंबईकर मालकाच्या बंद बंगल्यामागे रान माजून पडली असेल, तर महिन्याभरात पुन्हा तेच. मादी तीन आठवड्यांत वेते आणि एका वेताला सहा-आठ पिल्ले देते. अशा शत्रूशी एकेकट्याने लढायला सांगणे म्हणजे शेतकऱ्याची फसवणूक आहे. शिवाय हाताला लागेल ते विष कसेही टाकले की मरते ते घुबड आणि मरते ती धामण, म्हणजे उंदरांचे खरे वैरी!

नुकसानभरपाईच्या यादीत हत्ती आहे, गवा आहे, रानडुक्कर आहे, उंदीर नाही. पीकविमा महसूल मंडळाच्या सरासरीवर चालतो. एकाचे खाचर रिकामे झाले तरी सरासरी ढळत नाही. हवामानावर चालणाऱ्या फळपीक विम्याच्या यंत्राला उंदराचा दात दिसत नाही. नुकसान नोंदलेच जात नाही, म्हणून ते झालेच नाही, असा हा निर्लज्ज हिशेब आहे.

उंदरांना क्षुल्लक समजणाऱ्यांनी मिझोरमचा इतिहास वाचावा. १९५९ मध्ये तिथे बांबू फुलला, उंदीर बेसुमार वाढले, पिके गेली, दुष्काळ पडला. हा मुलूख तेव्हा आसामात होता; लोकांचा इशारा आसाम सरकारने कानाआड केला. मदतीसाठी उभ्या राहिलेल्या दुष्काळ संघटनेतून मिझो नॅशनल फ्रंट जन्मली आणि १९६६ मध्ये उठाव झाला. रायगडात तसे होईल असे आम्ही म्हणत नाही. भुकेकडे पाठ फिरवणारे सरकार लोकांचा विश्वास गमावते, एवढे मात्र निक्षून सांगतो.

आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. पेरणीपूर्वी, शेतात खाद्य कमी असते तेव्हा, कृषी खात्याने गावेच्या गावे एकाच आठवड्यात मोहिमेखाली घ्यावीत. पडीक वाड्या आणि बंद बंगल्यांची आवारेही सोडू नयेत. विषाचे काम प्रशिक्षित माणसांनी, सरकारी खर्चाने करावे. पावसाळ्याआधी खारबांधांची तपासणी करून बिळे बुजवावीत. पंचनाम्यात उंदरांच्या नुकसानीचा स्वतंत्र रकाना हवा आणि भरपाईच्या यादीत उंदराचे नाव हवे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने दरवर्षी या नुकसानीची मोजणी करून आकडे जाहीर करावेत.

यातली एकही गोष्ट अशक्य नाही, महागही नाही. ती झाली नाही, तर त्याचे कारण एकच: छोट्या शेतकऱ्याचे नुकसान सत्ताधाऱ्यांना नुकसान वाटत नाही. येत्या ग्रामसभेत रेवदंडेकरांनी या मागण्यांचा ठराव करावा, तो जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवावा आणि लेखी उत्तर हाती पडेपर्यंत तिथून हलू नये!