न घासलेली मूठ सव्वा लाखाची?

आधी एक खुलासा. घोडपदेवात राहणारा माणूस पिस्तुलाबद्दल लिहितोय म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे वेगळाच 'घोडा' उभा राहतो. त्यात शेजारी दारूखाना, म्हणजे बोलायलाच नको. तर मंडळी, हा घोडा तो नव्हे. हे १० मीटर नेमबाजीतलं एअर पिस्तूल. ४.५ मिमीचा शिशाचा छर्रा, एकच हात, तोही कशावर न टेकता लांब केलेला. याला शस्त्रपरवाना लागत नाही. लागतो तो पैसा. स्पर्धेचं बाहेरून आलेलं पिस्तूल लाखाच्या वर जातं, आणि आजचं सगळं भांडण त्या पैशाशीच आहे.

भांडण कशावरून, तर मुठीवरून. म्हणजे ग्रिप. पिस्तुलाचा लाकडी भाग, जो हातात येतो. तो एका-दोन स्क्रूंनी बसवलेला असतो, काढता येतो, बदलता येतो, घासता येतो, लिंपून वाढवता येतो. तो त्यासाठीच लाकडाचा केलेला असतो. आणि आपल्याकडे नेमकं तेच कोणी करत नाही. का? "रिसेल जाईल ना!" झाकली मूठ सव्वा लाखाची ही म्हण इतक्या शब्दशः पाळणारे लोक मी दुसरीकडे कुठे पाहिलेले नाहीत.

एक साधा हिशेब करू. पुढच्या आणि मागच्या साइटमधलं अंतर साधारण ३३ सेंमी धरा. टार्गेट १० मीटरवर. म्हणजे साइटच्या जुळणीत १ मिमी फरक पडला की टार्गेटवर तो तीसपट, ३० मिमी होतो. दहाच्या वर्तुळाचा व्यास आहे ११.५ मिमी, आणि पुढची प्रत्येक रिंग ८ मिमीने बाहेर सरकते. म्हणजे तो १ मिमी तुम्हाला दहावरून थेट सातवर आणून ठेवतो. आता सांगा, चुकीच्या मुठीत हात दर वेळी १ मिमी इकडेतिकडे बसणार नाही, याची हमी कोण देणार? ६० शॉट्स, ७५ मिनिटं, वर मुंबईचा घाम!

यावर रेंजवर तीन ठरलेली उत्तरं मिळतात.

१) "सवय होते रे." हे सर्वांत लाडकं. याच्या पुराव्यादाखल हमखास कारोली टाकाच येतो. हंगेरीचा हा सैनिक. १९३८ साली ग्रेनेडने उजवा हात निकामी केला, तर हा डाव्या हाताने शिकला आणि १९४८ ला लंडनमध्ये, १९५२ ला हेलसिंकीत रॅपिड फायर पिस्तूलचं सुवर्ण घेऊन गेला. मानलं, साष्टांग नमस्कार. पण टाकाचला दुसरा पर्यायच नव्हता. तुमच्या पोरीच्या हाताला काय धाड भरलीय? तिथे हात बदलायचा नाहीये, लाकूड बदलायचंय. आणि सवय होते हे खरंच आहे, पण चुकीचीही होते. मोठ्या मुठीत बोट चापापर्यंत पोचत नाही, मग मूल हात गोल फिरवून बोट पोचवतं, चाप सरळ मागे न येता तिरका ओढला जातो. हीच ती सवय. पुढे दोन वर्षं कोच ती मोडत बसतो, फी आपण भरतो.

२) "चॅम्पियनचीच ग्रिप घेतलीय." २०१८ ला कोल्हापूरच्या राही सरनोबतने पालेम्बांगला २५ मीटर पिस्तूलमध्ये एशियाडचं सुवर्ण मिळवलं, २०२४ ला मनू भाकरने पॅरिसमध्ये ब्राँझ. लगेच पालकांचा प्रश्न, "तिचं पिस्तूल कुठलं?" तिच्या मुठीत तिचा हात कसा बसतो, हे कोणी विचारत नाही. आमच्या धंद्यात याला 'माझ्या मशीनवर चालतंय' म्हणतात. अहो, तुमच्या मशीनवर चालत असेल, गिऱ्हाइकाच्या मशीनवर चालत नाहीये, आणि इथे मशीन म्हणजे तेरा वर्षांच्या मुलीचा पंजा आहे.

३) "क्लबचं पिस्तूल आहे, दहाजण वापरतात, एकासाठी कसं घासणार?" हा आक्षेप मात्र खरा आहे. लाख-दीड लाख प्रत्येक घरात नसतात, त्यामुळे सुरुवात सगळ्यांचीच क्लबच्या पिस्तुलावर होते. पण याचं उत्तर लालबाग-परळ-घोडपदेवच्या प्रत्येक मंडळात गेली कित्येक वर्षं पडून आहे. कॅरम बोर्ड मंडळाचा असतो. सोंगट्या मंडळाच्या, पावडर मंडळाची. आणि स्ट्रायकर? तो ज्याचा त्याचा! खिशात रुमालात गुंडाळून आणतात, दुसऱ्याला हात लावू देत नाहीत. मग पिस्तूल क्लबचं आणि मूठ आपली, यात अवघड ते काय? दोन स्क्रू आणि एक ॲलन-की, पाच मिनिटांचं काम. ज्याची पाळी त्याने आपली मूठ लावावी. क्लबने फक्त एकाच मॉडेलची पिस्तुलं घ्यावीत, म्हणजे मुठी सगळ्यांना बसतील.

आता मूठ निवडायची कशी? कंपन्या एक्सएस, एस, एम, एल अशी मापं देतात, डावी-उजवी वेगळी. पंजा कागदावर ठेवून पेन्सिलीने आखा, बोटांच्या मुळाशी रुंदी मोजा, कंपनीच्या तक्त्याशी ताडून पाहा. पण ते माप म्हणजे रेडिमेड शर्ट. बाह्या शिंप्याकडूनच घ्यायच्या असतात. हातात आल्यावर एवढं बघा:

- बोटाचं पहिलं पेर चापावर आलं पाहिजे, आणि बाकीचं बोट लाकडाला घासता कामा नये.
- दाब पुढून-मागून, म्हणजे मधलं बोट आणि तळहात. बाजूने आवळावं लागत असेल तर मूठ चुकलीय.
- रिकामं पिस्तूल टार्गेटच्या दिशेने धरा. डोळे मिटून हात उचला, स्थिर करा, मग डोळे उघडा. दोन्ही साइट्स आपोआप जुळलेल्या दिसल्या पाहिजेत. दर वेळी मनगटाने जुळवावं लागत असेल, तर जिथे लाकूड हाताला ढकलतंय तिथे पेन्सिलीची खूण करा आणि कानस घ्या.
- हेच सराव संपल्यावर पुन्हा करा. उकाड्यात तासाभराने पंजा फुगतो. एसी दुकानात बसलेली मूठ रेंजवर बसेलच असं नाही.

थोडं थोडं घासायचं. जास्त गेलं तरी लाकडाची पुट्टी किंवा एपॉक्सी लावून भरता येतं, जगबुडी होत नाही. अक्रोडाचं लाकूड घासायला मऊ आणि फारसं जड नाही, म्हणून या कामात त्याचा मान. शिसम जड पडतं, सागाच्या तेलकटपणामुळे पुट्टी नीट धरत नाही. फक्त नियम सांभाळा: मनगट मोकळं दिसलं पाहिजे, तळहाताखालचा टेकू मुठीशी ९० अंशांपेक्षा कमी कोन करता कामा नये आणि वर वळलेलाही चालत नाही. अख्खं पिस्तूल १५०० ग्रॅमच्या आत आणि ४२० बाय २०० बाय ५० मिमीच्या पेटीत मावणारं. तेव्हा लिंपायच्या जोशात ते ५० मिमी विसरू नका.

गंमत बघा, मोरिनी हे नाव आज पिस्तुलासाठी प्रसिद्ध आहे, पण चेझारे मोरिनींनी सुरुवात केली ती मुठी बनवण्यापासून. आणि आमच्याकडे? रे रोडला लाकडाच्या वखारी, पलीकडे दारूखान्यात लोखंडाचा ढीग, गल्लोगल्ली सुतार. लाकूड आहे, हात आहेत. नाही ती फक्त 'हे आपलं काम आहे' ही भावना. सुताराकडे पंजाचा ठसा घेऊन जा, क्लबच्या मुठीचा नमुना दाखवा, स्क्रूची भोकं मोजून द्या. पहिली बिघडेल, दुसरी बसेल.

राहता राहिला रिसेल. मूळ मूठ फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवा आणि विकताना लावून द्या. दुसऱ्या मुठीचे चार पैसे जातील, कबूल. पण न बसणाऱ्या मुठीने नेम लागत नाही तेव्हा पोराला लाकडाचा दोष कळत नाही. त्याला वाटतं, आपल्यातच काही नाही. ते हळूच यायचं बंद होतं, घरचेही म्हणतात, जाऊदे, अभ्यास कर. मग कोरी करकरीत मूठ असलेलं पिस्तूल चांगल्या भावात विकलं जातं.

त्या पोराचा रिसेल काय येतो, ते कोणीतरी सांगा.