राज्यशास्त्राचे विद्यार्थी आणि प्रत्यक्ष कार्यानुभव

विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केलेल्या पदवी अभ्यासक्रमाच्या आराखड्यात प्रत्यक्ष कार्यानुभवाला २ ते ४ श्रेयांक देण्यात आले आहेत. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला त्यासाठी बँक किंवा सनदी लेखापालाचे कार्यालय खुले असते. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने कुठे जावे, हा प्रश्न मात्र उरतोच.

पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या संस्थेच्या २०१० मध्ये सुरू झालेल्या ‘लॅम्प’ अभ्यासवृत्तीत निवडलेले तरुण एकेका खासदारासोबत काम करतात. विधेयकांचा अभ्यास करणे, तारांकित प्रश्नांचे मसुदे तयार करणे, शून्य प्रहरासाठी टिपणे काढणे, अशी ही कामे असतात. संसदीय कामकाज शिकण्याचा याहून चांगला मार्ग क्वचितच असेल. परंतु ही संधी पदवीधरांसाठी आहे, जागा मोजक्या आहेत आणि मुक्काम दिल्लीतच करावा लागतो. महाराष्ट्र विधिमंडळाच्या नागपूर अधिवेशनाच्या काळात विद्यार्थ्यांसाठी संसदीय अभ्यासवर्ग भरतो. तो उपयुक्त असला, तरी काही दिवसांपुरताच असतो.

वास्तविक, देशात सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती आहेत. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने त्यांना घटनात्मक स्थान दिले. गणपूर्तीअभावी ग्रामसभा तहकूब का होते, आराखड्यातील एखादे काम मागे का पडते, याची उत्तरे तेथील दप्तरात सापडतात. महाविद्यालय आणि जिल्हा परिषद यांच्यात करार झाल्यास विद्यार्थ्याला घराजवळच हा अनुभव घेता येईल. विद्यावेतनाविना दिल्लीत राहणे ज्यांना परवडत नाही, त्यांच्यासाठी सध्या तरी हाच व्यवहार्य पर्याय दिसतो.