हाताखालच्या माणसांची दिवाळी

कोजागरीच्या दुधाचे पेले हातात आले की अमेरिकेतल्या आपल्या मराठी मंडळात दरवर्षी एक प्रश्न निघतोच. माझ्या हाताखाली आठ-दहा माणसं आहेत, कंपनी त्यासाठी वेगळा पैसा देत नाही, तर खिशाला परवडेल असं त्यांना काय द्यावं? उत्तरं पटापट येतात: कॉफीच्या दुकानाचं गिफ्ट कार्ड, सुगंधी मेणबत्ती, चॉकलेटचा डबा, कंपनीचं नाव छापलेला मग. मला वाटतं, वस्तूचा विचार आपण फार लवकर सुरू करतो. आधी ठरवायला हवं ते हे, की आपण जे देतोय ते भेट आहे, बक्षीस आहे, की त्या माणसाचं आपल्याकडे निघणारं देणं आहे. या तिन्हींची सरमिसळ झाली की महागातली वस्तूही घेणाऱ्याला खुपते.

मी वऱ्हाडातल्या धामणगाव रेल्वे या गावचा. लोहमार्ग १८६७ साली नागपूरपर्यंत पोचला आणि पुढं शकुंतला रेल्वे सुरू होईपर्यंत यवतमाळकडचा कापूस बंड्यांमधून आमच्याच स्टेशनावर उतरायचा. कापूस म्हटला की शेतकरी आला, अडत्या आला, दिवाणजी, मापारी, हमाल, जिनिंगमधले मजूर, आणि या सगळ्यांच्या मुळाशी शेतात राबणारा सालगडी. माणसं हाताखाली ठेवणं आणि सणाला त्यांना काहीतरी देणं हे या गावाला नवं नाही. त्यामुळं आपल्या प्रश्नाचं उत्तर मला कंपनीच्या एचआरच्या कागदांपेक्षा आमच्या पोळ्यात अधिक नीट सापडतं.

श्रावणातल्या अमावास्येला पोळा. आदल्या दिवशी बैलांचे खांदे तूप-हळद लावून शेकायचे. पोळ्याच्या दिवशी त्यांना न्हाऊ घालायचं, शिंगांना बेगड, पाठीवर झूल, कपाळावर बाशिंग, नवी वेसण, नवा कासरा. तोरणाखालून पोळा फुटला की गडी जोडी घेऊन घरोघरी निघतो. दारात बैलांच्या पायांवर पाणी घालतात, ओवाळतात, पुरणपोळी खाऊ घालतात आणि जोडी घेऊन आलेल्याच्या हातावर पैसे ठेवतात. हा बोजारा. रक्कम थोडीच असते, पण ‘बोजारा द्या न जी, बाई’ असं म्हणताना गड्याच्या आवाजात लाचारी नसते. शिवाय ज्या घरांत तो कधी कामाला नव्हता, तिथूनही बोजारा मिळतो. त्या पैशाच्या बदल्यात त्याच्याकडून कुणालाच काही करून घ्यायचं नसतं. भेटीची याहून चांगली कसोटी मला माहीत नाही.

त्याच दिवशी मालकाकडून गड्याला नवे कपडे मिळतात. पण ही बाब निराळी आहे. सालगडी गुढीपाडव्याला ठरतो. रोख किती, ज्वारी किती, कपड्यांचे जोड किती, हे सगळं तेव्हाच बोलून झालेलं असतं. म्हणजे पोळ्याला अंगावर चढलेला सदरा त्यानं नांगरणी-वखरणी-डवरणीत आधीच कमावलेला असतो. तो ‘आम्ही दिला’ म्हणून चारचौघांत मिरवणं हा अन्याय आहे, आणि गडी तोंडानं बोलला नाही तरी त्याला तो कळतो. माझी आजी या बाबतीत फार काटेकोर होती. ठरलेला जोड ती मुकाट्यानं देऊन टाकायची. आणि पोळ्याच्या आधी गड्याच्या बायकोला बोलावून लेकरांची मापं विचारायची. थोरल्याची हाफपँट, धाकटीचं छिटाचं झबलं, मधल्याला मोठ्याचं देऊन भागत असेल तर त्याला टोपी. बोलीत लेकरांचे कपडे कुठंच नव्हते. खर्च म्हणाल तर गड्याच्या सदऱ्याहून कमीच, पण भेट तीच होती. शिंप्याकडून आलेलं झबलं तंतोतंत बसलं की गड्याची बायको पोरीला फिरवून फिरवून दाखवायला आणायची.

आता हाच प्रश्न शेकडो, हजारो माणसांच्या कारखान्यात न्या. पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईच्या गिरण्यांना भरमसाट नफा झाला आणि मालकांनी कामगारांना महागाईच्या दिवसांत बोनस द्यायला सुरुवात केली. काही वर्षं तो ओळीनं मिळाला. मग धंद्याला मंदी आली आणि मालकांनी हात आखडता घेतला. १९२४ च्या सुरुवातीला दीड लाखाच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले. वाद नेमका आपलाच होता: बोनस ही मालकाची मेहेरबानी की कामगाराचं येणं? सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या समितीनं निकाल दिला की रूढीनं, कायद्यानं किंवा न्यायबुद्धीनं कामगारांचा त्यावर हक्क पोचत नाही. संप मोडला, पण प्रश्न मिटला नाही. पुढं १९६५ साली बोनसचा कायदा झाला आणि नंतर किमान बोनस वर्षाच्या पगाराच्या ८.३३ टक्क्यांवर आला, म्हणजे पगाराची मर्यादा धरून बारा महिन्यांमागे एक महिना. माझ्या मते कामगारांचं म्हणणं १९२४ मध्येच बरोबर होतं. ज्या रकमेच्या भरवशावर माणूस पोराची फी आणि घरातलं लुगडं ठरवतो, ती रक्कम कुणाच्या मर्जीवर सोडू नये. वीसपेक्षा कमी माणसांच्या दुकानाला हा कायदा सहसा लागू नव्हता, त्यामुळं अडतीच्या दुकानातल्या दिवाणजीची दिवाळी मालकाच्या मनावरच राहिली. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नव्या वहीची पूजा होईपर्यंत पाकिटात काय निघेल याची त्याला कल्पना नसायची. मिठाईचा पुडा जड आणि पाकीट हलकं, असा अनुभव त्या पिढीतल्या पुष्कळांनी घेतलाय.

म्हणून माझं पहिलं म्हणणं: ज्याला पगारवाढ द्यायला हवी होती त्याला भेटवस्तू देऊन गप्प बसवू नका. तुमच्या हातात पगार नसेल, आणि मधल्या फळीतल्या बहुतेकांच्या हातात तो नसतोच, तर वरिष्ठांकडे त्याच्यासाठी भांडा, आणि भांडलात हे त्याला सांगा. भेट त्यानंतर, छोटी, पूर्ण वेगळी.

दुसरं म्हणणं रोख आणि गिफ्ट कार्डाबद्दल. इथं माझ्याशी वाद घालणारे पुष्कळ भेटतील आणि त्यांची बाजू लेचीपेची नाही. जोएल वॉल्डफोगेल या अर्थशास्त्रज्ञानं १९९३ साली नाताळच्या भेटींचा हिशेब मांडून दाखवला होता की वस्तूच्या किमतीतला दहावा ते तिसरा हिस्सा घेणाऱ्याच्या लेखी वायाच जातो. त्यापेक्षा पैसे दिलेले बरे. एकमेकांना न ओळखणाऱ्यांच्या बाबतीत मला हे मान्य आहे. पण तुम्ही ज्याच्याबरोबर रोज आठ तास काढता तो माणूस अनोळखी नाही, आणि असेल तर चूक भेटीत नाही. जर्मनीत ग्रंथालयाच्या पुस्तकांची नोंद करायला काही तासांपुरती मुलं लावून एक प्रयोग झाला. तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना ठरल्या मजुरीवर सात युरो रोख जादा दिले, काहींना त्याच किमतीची थर्मासची बाटली. जादा रोखीनं कामात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. बाटली मिळालेल्यांनी सुमारे पाव पट अधिक काम केलं. गंमत म्हणजे काय हवं असं विचारलं तेव्हा बहुतेकांनी पैसेच मागितले होते. हा प्रयोग ‘स्वस्तात जास्त काम कसं काढावं’ अशा थाटात सांगितला जातो, ते मला अजिबात पटत नाही. काम वाढावं म्हणून दिलेली बाटली ही आगाऊ मजुरी झाली. मला त्यातून एवढंच दिसतं, की कुणीतरी आपल्यासाठी दुकानात जाऊन आलं हे माणसाला जाणवतं, आणि पैशात ते जाणवत नाही.

अमेरिकेतल्या करखात्याचा नियमही हाच भेद पाळतो. मालकानं सणाला दिलेली किरकोळ किमतीची वस्तू कर्मचाऱ्याच्या उत्पन्नात धरत नाहीत. रोख आणि गिफ्ट कार्ड मात्र कितीही लहान असो, पगारातच धरतात. भारतातही ठरावीक मर्यादेपर्यंतच्या वस्तूंना सवलत आहे, रोखीला नाही.

मग द्यायचं काय? पंधरा-वीस डॉलरांत पुष्कळ होतं, पण त्यासाठी वर्षभर डोळे उघडे ठेवावे लागतात. बसनं येणारी मुलगी थंडीत बोटं चोळत आत येते, तिला चांगले लोकरीचे हातमोजे. नुकताच बाप झालेल्याला लेकरासाठी चित्रांचं पुस्तक. निवृत्तीला टेकलेल्या, कुंड्यांत रमणाऱ्या माणसाला फुलांचे कंद. खाण्याचं द्यायचं असेल तर आधी विचारा: आपल्या चिवड्यात शेंगदाणे, लाडवात काजू, आणि इथं शेंगदाण्यानं ज्यांच्या जिवावर बेततं अशी माणसं आहेत. दारूची बाटली कुणालाच देऊ नका. कोण महत्प्रयासानं ती सोडून बसलंय ते तुम्हाला ठाऊक नसतं. अत्तर आणि अंगावरचे कपडेही वरिष्ठानं कनिष्ठाला देऊ नयेत. वस्तू निरनिराळ्या असल्या तरी किंमत सगळ्यांची सारखी ठेवा. ती लपत नाही. डावं-उजवं करायला कामाचं मूल्यमापन आहे, दिवाळी त्यासाठी नाही.

आणि सोबत चार ओळींचं पत्र, हातानं लिहिलेलं. ‘तुझ्या मेहनतीबद्दल आभार’ असं सगळ्यांना एकच लिहायचं असेल तर न लिहिलेलं बरं. ‘मार्चमध्ये सर्व्हर बंद पडला तेव्हा तू रात्री दोनला उठून आलास, आणि सकाळी त्याचा गाजावाजा केला नाहीस’ असं लिहा. याला कागद आणि अर्धा तास लागतो, आणि अशी पत्रं माणसं ड्रॉवरमध्ये जपून ठेवतात.

पैसा आपल्याच खिशातला हवा. टीममध्येच वर्गणी काढून टीमलाच भेटी देणारे मी पाहिलेत. आमच्या बाजारात अडते शेतकऱ्याच्या पट्टीतून धर्मादाय, गोरक्षण अशा नावांखाली रक्कम कापायचे आणि दानाचं पुण्य स्वतःच्या नावावर मांडायचे. बाजारातली मनमानी आवरायला वऱ्हाडात १८९७ साली कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा करावा लागला. देशातला असा तो पहिला. दुसऱ्याच्या पैशानं केलेल्या दानाला आमच्याकडचा शेतकरी कधीच भुलला नाही.

ऑफिसात तुमच्या यादीत नसलेली माणसंही असतात. कंत्राटदाराकडून येणारी सफाईवाली, रात्रीचा पहारेकरी, डाक वाटणारा. कंपनीच्या दिवाळीशी आणि नाताळशी यांचा संबंध टेबलावरून उष्ट्या प्लेटी उचलण्यापुरताच असतो. पोळ्याच्या दिवशी परक्या घरचा गडी दारात आला तर ‘तू आमच्याकडे कामाला नाहीस’ असं कुणी म्हणत नाही. बजेट तोकडं असेल तर टीमच्या भेटीतले दोन-दोन डॉलर कमी करा आणि यांना धरा. रात्री दहाला येणाऱ्या माणसाची भेट टेबलावर चिठ्ठी लावून ठेवण्यापेक्षा एक दिवस दहापर्यंत थांबा.

राहिला प्रश्न वेळेचा. पुष्कळ जण म्हणतात, इथल्या लोकांना दिवाळी काय कळणार, नाताळलाच देऊ. मी दिवाळीच्या बाजूनं आहे. डिसेंबरात सगळेच सगळ्यांना देत असतात, आणि तुम्ही काही दिलंत की हाताखालच्या माणसाला वाटतं आता साहेबालाही काही द्यायला हवं. भाडं भरताना ओढाताण होणाऱ्या माणसावर हा भुर्दंड पडतो. दिवाळीत ती अपेक्षा नसते. सण तुमचा, देणारे तुम्ही, परतफेडीचा सवालच नाही. अमेरिकन सरकारी नोकरीत तर कनिष्ठानं वरिष्ठाला भेट देण्यावर बंदीच आहे. सणासुदीला दहा डॉलरांपर्यंतची वस्तू, अशा मोजक्या सवलती आहेत. खासगी नोकरीतही हाच नियम स्वतःला लावून घ्यावा, आणि तो टीमला दसऱ्याच्या आधीच सांगून टाकावा, म्हणजे कुणी तुमच्यासाठी खरेदीला जाणार नाही. तरीही एखादीनं घरून केक करून आणला, तर तो सगळ्यांच्या टेबलावर कापायचा आणि सगळ्यांबरोबर खायचा. दुकानाची महागडी पिशवी आली, तर ती त्याच दिवशी, दार लावून, नीट समजावून परत करायची.