बिझनेस करायचाय? मग आधी महिनाभर एक झाड बघा

आमच्या बॅचमधल्या एका मुलीने या पावसाळ्यात निसर्गलेखनाचा ऑनलाइन कोर्स केला. तिला घरगुती मसाल्यांचा धंदा सुरू करायचाय. बाकीच्यांनी चेष्टा केली, "मसाले विकणार की कविता?" माझं मत उलट आहे. पहिल्या धंद्यात पैसे घालण्याआधी प्रत्येकाने असं काहीतरी करावं.

कोर्सच्या शेवटी 'माझ्यात काय बदल झाला' यावर एक पान लिहायचं होतं. तिचा पहिला मसुदा मी वाचलाय. आत्मविश्वास वाढला, दृष्टिकोन बदलला, निसर्ग हाच गुरू. असं पान ड्रायव्हिंग क्लासनंतरही लिहिता येतं! शिकवणाऱ्या बाईंनी त्यावर एकच शेरा मारला होता: यातलं दुसऱ्याला जाऊन तपासता येईल असं काय आहे?

मग तिने रोजची वही उघडली. खाडीकडच्या बांधावरचं शिंदीचं झाड, त्यावर सुगरणीची घरटी. या आठवड्यात किती, पुढच्या आठवड्यात किती, अर्धवट सोडलेली किती, खाली पडलेली किती. आणि मध्येच एक वाक्य: "घरटं मादी विणते असं मी धरूनच चालले होते. आठ दिवस बघितल्यावर कळलं, विणणारा पिवळ्या डोक्याचा नर आहे."

हा खरा बदल. आपण शाळेपासून 'ती सुगरण' म्हणत आलोय, नावच बायकी. डोळ्यांसमोर नर विणत असतो आणि आपल्याला मादी दिसते, कारण आधीच ठरवलेलं असतं. धंद्यात याच सवयीने पैसे बुडतात.

आता आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट सांगतो. वडखळवरून अलिबागचा रस्ता धरला की पुढे किहीम. १९३० साली सलीम अली तिथे जाऊन राहिले. पक्ष्यांचा माणूस म्हणून नाव सगळ्यांना माहीत असतं, पण आधीचा भाग आपल्या कामाचा आहे. तरुणपणी ते बर्मात तव्हॉयला घरच्यांचा खाणीचा आणि लाकडाचा धंदा बघायला गेले होते. तो जमला नाही. १९१७ मध्ये मुंबईला परतल्यावर त्यांनी व्यापारी कायदा आणि हिशेब शिकायला डावर्स कॉलेजात नाव घातलं, सोबत सेंट झेवियर्समध्ये प्राणिशास्त्र. पुढे मुंबईच्या म्युझियममध्ये गाइड-लेक्चररची नोकरी लागली. जर्मनीत शिकून परत आले, तर निधी नाही म्हणून ती जागाच रद्द झालेली.

तर नोकरी नाही, वय तेहतीस-चौतीस, आणि पत्नी तहमिनांसोबत मुक्काम किहीमला. तिथे त्यांनी सुगरणीची वसाहत बारकाईने बघितली, नोंदी केल्या. त्यातून निघालं ते असं: नर घरटं पूर्ण करतच नाही. हेल्मेटच्या आकाराचं अर्धं विणतो आणि थांबतो. मादी येते, आत शिरून तपासते. पसंत पडलं तर नर पुढचं काम पूर्ण करतो, नाहीतर ते तसंच लटकत राहतं. एक घरटं लागलं की तो दुसरं सुरू करतो, दुसऱ्या मादीसाठी. (हा शेवटचा भाग गिऱ्हाईकांच्या बाबतीत करू नका, विकलेल्या मालाची जबाबदारी आपली असते.) हे निरीक्षण १९३१ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या जर्नलमध्ये छापून आलं.

अर्धं विणून दाखवायचं, मग पुढची मेहनत. मी क्लासमध्ये हेच 'सॅम्पल बॅच' म्हणून शिकवतो आणि लोक ऐकून सोडून देतात. दर महिन्याला कोणीतरी येतो, "सर, कारखान्याच्या गेटसमोर नाश्ता सेंटर टाकतोय, तिथे जाम गर्दी असते." मी विचारतो, त्यातले थांबतात किती? शिफ्ट सुटल्यावर बसकडे पळणारे किती, घरून डबा आणणारे किती? उत्तर नसतं. मुद्राच्या शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळतं. रक्कम छोटी वाटते, पण हप्ता चुकायला लागला की त्या घरात काय होतं ते मी बघितलंय.

दुसरी बाजूही आहे. काही जण वर्षानुवर्षं नुसतेच मार्केटचा अभ्यास करत बसतात. म्हणून मी महिनाभर म्हणतो. रोज वीस मिनिटं, एकच जागा, तारीख घालून. 'गर्दी होती' असं लिहायचं नाही, आकडा लिहायचा.

ती मुलगी आता त्याच वहीच्या मागच्या पानांवर मसाल्याचा हिशेब लिहिते. दोनच प्रकार, शंभर ग्रॅमच्या पुड्या. आगरी घरांत उन्हाळ्यातच वर्षाचा मसाला कुटून ठेवलेला असतो, तिथे तिची पुडी फारशी जात नाही, हे तिला पहिल्या पंधरा दिवसांत कळलं. ती ज्यांच्यावर भिस्त ठेवून बसली होती, ते हेच लोक. घेतात ती भाड्याने राहणारी, बाहेरून कामाला आलेली कुटुंबं, आणि त्यांना तिखट कमी हवंय. परवा तिने नवीन मिश्रणाच्या दहा पुड्या दिल्या. दोन परत आल्यात. का आल्या ते विचारायला ती रविवारी जाणार आहे.