गूळ आपला, नाव दुसऱ्याचे असे का?



आपल्याकडे धंद्याची जाहिरात तोंडोतोंडी होते. कुणाचा गूळ चोख, कुणाच्या नर्सरीतले रोप फसवत नाही, हे बाजाराच्या दिवशी चहाच्या टपरीवर ठरते. गिऱ्हाईक विचारते, ओळखीचा माणूस नाव सांगतो आणि व्यवहार होतो. ही पद्धत वाईट नाही. आजवर आपले धंदे तिच्यावरच चालले.

पण पुण्या-मुंबईचे गिऱ्हाईक आता ओळखीच्या माणसाआधी मोबाईलला विचारू लागले आहे. ‘कोल्हापूरजवळ बिनरसायनाचा गूळ थेट गुऱ्हाळावर कुठे मिळेल?’ असा प्रश्न ते चॅटजीपीटीला किंवा जेमिनीला टाकते. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये लोकांसाठी खुले झाले. २०२४ मध्ये तर व्हॉट्सॲपमध्येच मेटा एआय आले. म्हणजे हे यंत्र आपल्याही खिशात येऊन बसले आहे.

आता हे यंत्र उत्तर देते कुठून, ते बघा. त्याला गुळाची चव कळत नाही आणि ते कधी गुऱ्हाळावर येत नाही. तयार करताना त्याला जो मजकूर वाचायला दिला तो एक आधार, आणि प्रश्न आल्यावर ते इंटरनेटवर जी शोधाशोध करते तो दुसरा. नकाशावरील दुकानांच्या नोंदी, गिऱ्हाइकांचे अभिप्राय, वर्तमानपत्रांतील बातम्या, कंपन्यांची संकेतस्थळे यांतून ते नावे उचलते. जे कुठेच लिहिलेले नाही, ते त्याच्या लेखी नाहीच. चौकातला फ्लेक्स त्याला दिसत नाही. तुमच्या ग्रुपवरचा निरोप आणि स्टेटसही त्याच्या शोधात येत नाही.

याचा परिणाम काय? शहरात बसून अर्ध्या किलोच्या डब्यात गूळ भरणाऱ्याने सगळे लिहून ठेवलेले असते, म्हणून यंत्र त्याचे नाव सांगते. करवीर-पन्हाळ्यात काहिलीपाशी घाम गाळणाऱ्याचे नाव येत नाही. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तरी बाहेरचा गूळ ‘कोल्हापुरी’ म्हणून विकला जातो ही तक्रार जुनीच आहे. सौद्यात व्यापारी निदान रवा फोडून, बोटाने चोळून बघतो. इथे फक्त लिहिलेलेच बघितले जाते.

यावर उपाय खर्चाचा नाही. घरातल्या शिकलेल्या मुला-मुलीला घेऊन एक-दोन संध्याकाळी बसा, म्हणजे झालं.

पहिले काम, गुगल मॅपवर धंद्याची नोंद करा. ती मोफत आहे. खात्रीसाठी जागेचा व्हिडिओ मागितला तर तो द्या. गाव, तालुका, फोन, हंगामाचे महिने नीट भरा. बोर्डावर एक नाव, बिलबुकावर दुसरे आणि नकाशावर तिसरे, असे करू नका. यंत्राला ते तीन वेगळे धंदे वाटतात.

दुसरे, गिऱ्हाईक जे विचारते त्याची सरळ उत्तरे लिहा. ऊस कोणत्या वाणाचा? मळी काढायला रानभेंडी वापरता की पावडर? रवा एक किलोचा मिळतो का? काकवी आहे का? पार्सल पाठवता का? अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक काय? ‘सर्वोत्तम’, ‘एकमेव’ असे शब्द घालून उपयोग नाही, ते सगळेच घालतात. ‘को ९२००५ उसाचा गूळ, नोव्हेंबर ते मार्च, गुऱ्हाळावर विक्री’ ही एक ओळ जास्त काम करते. नुसता फोटो टाकू नका, अक्षरांत लिहा. मराठीत लिहा, जमल्यास इंग्रजीतही.

तिसरे, माल नेलेल्या गिऱ्हाइकाला चार ओळी लिहायला सांगा. मात्र पुतण्याच्या मोबाईलवरून खोटे अभिप्राय टाकू नका. ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्येच मानक काढले आहे, आणि गिऱ्हाइकाची दिशाभूल ग्राहक संरक्षण कायद्यातही बसत नाही. ‘बिनरसायनाचा’ असे लिहायचे असेल तर हायड्रॉसचा डबा आधी गुऱ्हाळातून बाहेर काढा. एकाच्या खोट्यापायी सगळ्या गावाच्या गुळावर शंका येते.

चौथे, सावध राहा. ‘एआयमध्ये पहिला नंबर लावून देतो’ म्हणत पैसे मागणारे येतील. तशी हमी कुणीच देऊ शकत नाही. एकाच प्रश्नाला यंत्र आज एक नाव देते, उद्या दुसरे. कधी चुकीचा फोन देते, कधी बंद पडलेले गुऱ्हाळ चालू दाखवते. म्हणून महिन्यातून एकदा गिऱ्हाईक होऊन स्वतःच विचारून बघा आणि चूक जिथून आली तिथली नोंद दुरुस्त करा.

काही जण म्हणतील, ‘आमचा सगळा गूळ बाजार समितीत जातो, आम्हाला हे काय करायचंय?’ बाजार समिती सोडा असे कुणी म्हणत नाही. पण हंगामात दहा-वीस रवे जरी थेट गेले, तरी तेवढ्याचा भाव तुम्ही स्वतः सांगितलेला असेल.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) यांनाही एक विनंती. गावातील गुऱ्हाळे, रोपवाटिका, बचत गटांची उत्पादने, कृषी पर्यटन यांची यादी ग्रामपंचायतीने करावी आणि संमती घेऊन फोनसह उघडपणे प्रसिद्ध करावी. यादीत सगळे यावेत, फक्त आपल्या गटाचे नकोत. गुऱ्हाळमालकांनीही एकत्र येऊन १९९९ च्या भौगोलिक निर्देशक कायद्याखाली अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी. ती सरकारी नोंद कुणालाही तपासता येते.

यंत्र आपली बाजू घेणार नाही, तसे विरोधातही जाणार नाही. लिहिलेले ते वाचते. तेव्हा यंदा चुलवाण पेटण्याआधी आपल्या गुऱ्हाळाचे खरे नाव, खरा माल आणि खरा पत्ता तेवढा लिहून ठेवा.